मोरोक्कोची शेती : 2008 नंतर पुढे गेले ते नेमके काय?

माणदेशी :

नमस्कार मंडळी,

मी सांगोला तालुक्यातला डाळिंब उत्पादक आहे. गेल्या महिन्यात आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या बैठकीत एका सल्लागारांनी मोरोक्कोच्या शेतीवर तासभर सादरीकरण केले. पाऊस आमच्याइतकाच बेभरवशाचा, बराचसा मुलूख तर आमच्याहून कोरडा, तरीही या देशाने 2008 मध्ये ‘हरित मोरोक्को योजना’ आणली, ठिबकाला ऐंशी ते शंभर टक्के अनुदान दिले आणि आज युरोपातल्या दुकानांत हिवाळाभर त्यांचे टोमॅटो आणि संत्री विकली जातात, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. पडद्यावरचे मळे पाहून आमच्यातल्या दोघातिघांनी तिथल्या तिथे शेडनेटचा हिशेब मांडायला सुरुवात केली.

घरी येऊन वाचायला बसलो, तेव्हा वेगळीच बातमी हाती लागली. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याच देशाच्या राजाने, सहावे मोहम्मद यांनी, त्या वर्षीच्या बकरी ईदला कुर्बानी करू नये असे प्रजेला आवाहन केले होते. राजाचे पत्र धर्मव्यवहार मंत्र्यांनी सरकारी दूरचित्रवाणीवर वाचून दाखवले. ओळीने सहा वर्षे अवर्षण पडल्याने मेंढ्यांचे आणि गुरांचे कळप 2016 च्या गणनेच्या तुलनेत 38 टक्क्यांनी घटले होते. ज्या देशाची शेती इतकी पुढे गेली, तिथे मेंढराला चारा का मिळू नये, हे मला उमगत नाही.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे, की या योजनेने पुढे नेले ते नेमके काय? दोन-चार एकरवाल्याच्या पदरात काही पडले का? आणि ठिबकामुळे पाणी वाचले असेल, तर ते वाचलेले पाणी गेले कुठे?


दप्तरदार :

मी कृषी अर्थशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. कोणतीही गोष्ट फार मागून सुरू करण्याची खोड त्या काळापासूनची आहे, ती सहन करावी.

तुम्ही पाहिलेली दोन्ही चित्रे खरी आहेत, कारण मोरोक्कोत गेली शंभर वर्षे दोन शेती शेजारीशेजारी नांदत आहेत. फ्रेंचांचे संरक्षित राज्य तिथे 1912 मध्ये आले. हा प्रदेश म्हणजे प्राचीन रोमचे धान्याचे कोठार होते, या समजुतीने त्यांनी आधी गव्हावर भर दिला. पाऊस आणि भाव या दोघांनीही दगा दिल्यावर, 1930 च्या सुमारास, त्यांची नजर कॅलिफोर्नियाकडे वळली. धरण बांधायचे, कालवा काढायचा आणि पॅरिसच्या बाजारासाठी संत्री पिकवायची, हा आराखडा त्या वेळचा आहे. 1956 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा युरोपीय वसाहतकारांच्या ताब्यात सुमारे दहा लाख हेक्टर जमीन होती, आणि ती साहजिकच चांगल्यातली होती. ती पूर्णपणे परत घेण्यास 1973 साल उजाडले. त्यातली बरीच जमीन लहान शेतकऱ्यांपर्यंत न पोहोचता सरकारी कंपन्यांकडे राहिली आणि या शतकात दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खासगी गुंतवणूकदारांकडे गेली.

तेव्हाचे राजे दुसरे हसन यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस 2000 सालापर्यंत दहा लाख हेक्टर ओलिताखाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आणि ते गाठलेही. आपल्याकडच्या पाटबंधारे खात्याला शेतकी खाते आणि थोडेसे साखर कारखान्याचे शेतकी ऑफिस जोडले तर जे होईल, तशी नऊ प्रादेशिक कार्यालये त्यासाठी उभी राहिली. तादला, दुक्काला, घर्ब या लाभक्षेत्रांत कोणत्या तुकड्यात बीट लावायचे आणि कोणत्या तुकड्यात गहू पेरायचा, हेसुद्धा बराच काळ कार्यालयच ठरवत असे. बीट म्हणजे साखरेचे बीट. तिथली साखर मुख्यतः बिटापासून आणि उत्तरेकडे काही प्रमाणात उसापासून होते. 1983 नंतर आंतरराष्ट्रीय कर्जाच्या अटींमुळे ही सक्ती सैल होत गेली.

याचा परिणाम असा, की लागवडीखालच्या सुमारे 87 लाख हेक्टरांपैकी पाचव्या हिश्श्याहूनही कमी जमीन ओलिताखाली आहे. निर्यातीचा मोठा वाटा मात्र तिच्यातून येतो. उरलेल्या जमिनीला तिथे ‘बूर’ म्हणतात, म्हणजे आपली कोरडवाहू. तिच्यावर गहू आणि बार्ली होते, आणि होते की नाही हे आभाळ ठरवते.

आता 2008. त्या वर्षी एप्रिलमध्ये मेक्नेसच्या कृषी प्रदर्शनात योजना जाहीर झाली. तेव्हाचे कृषिमंत्री अझीझ अखन्नूश हे मोठे उद्योगपती. ते या खात्यावर जवळजवळ चौदा वर्षे राहिले आणि 2021 मध्ये पंतप्रधान झाले. एकाच माणसाने एकच योजना आरंभापासून अखेरपर्यंत चालवावी, हे आपल्याकडे दुर्मीळच. योजनेचे दोन ‘स्तंभ’ होते. पहिला आधुनिक, गुंतवणूकप्रधान आणि बाजारासाठी पिकवणाऱ्या शेतीचा. दुसरा डोंगराळ आणि कोरडवाहू भागांतल्या लहान शेतकऱ्यांसाठी, त्याला त्यांनी ‘ऐक्यभावाची शेती’ असे नाव दिले. लहानांना मोठ्यांशी बांधण्यासाठी ‘एकत्रीकरण’ हा मार्ग होता. एक बडा उत्पादक किंवा प्रक्रिया कारखाना मध्यभागी, भोवती करार केलेले शेतकरी, आणि त्यावर सरकारी अनुदान. शेती विकास संस्था आणि अन्नसुरक्षा तपासणीचे स्वतंत्र कार्यालय 2009 मध्ये स्थापन झाले, शेतकरी सल्ला कार्यालय 2013 मध्ये.

फळ मिळाले नाही असे कोणी म्हणू नये. अधिकृत आकड्यांनुसार दहा-बारा वर्षांत कृषी निर्यातीचे मूल्य दुपटीहून अधिक वाढले, ठिबकाखालचे क्षेत्र साडेपाच लाख हेक्टरांच्या पुढे गेले आणि ऑलिव्हची लागवड दहा लाख हेक्टरांवर पोहोचली. शिवाय 1984 पासून शेती उत्पन्नावर असलेली करमाफी 2014 पासून मोठ्या उत्पादकांपुरती टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आली. आपल्याकडे हा विषय कोणी उच्चारतसुद्धा नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

माझे मत विचाराल, तर योजनेचा पहिला स्तंभ भक्कम उभा राहिला आणि दुसरा कागदावर जितका उंच होता तितका जमिनीवर झाला नाही.


ठिबकवाला :

दप्तरदार सरांनी इतिहास सांगितला आहे, मी शेताच्या बांधावरचे सांगतो. सिंचन साहित्य विकणाऱ्या एका कंपनीच्या वतीने मी मोरोक्कोच्या किनाऱ्यावरच्या अगादीर शहराजवळ तीन वर्षे काढली. पाणी वाचले तर ते गेले कुठे, हा तुमचा तिसरा प्रश्न मला तिथेच पहिल्यांदा पडला होता.

अगादीरच्या दक्षिणेला श्तूका नावाचे मैदान आहे. पाऊस वर्षाला जेमतेम अडीचशे मिलिमीटर, पण समुद्राच्या शेजारामुळे थंडी फार नाही आणि सकाळी धुके असते. टोमॅटोला याहून चांगले हवामान शोधून मिळणार नाही. रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल प्लॅस्टिकच दिसते. हरितगृहांचा सांगाडा लाकडी खांबांचा आणि तारांचा, आपल्या द्राक्षाच्या मांडवाची आठवण व्हावी असा. वरून प्लॅस्टिक, बाजूने कीडरोधक जाळी. प्रत्येक मोठ्या मळ्यात काळ्या कागदाचे शेततळे. फरक एवढाच, की आपले शेततळे पावसाळ्यात भरण्याची कल्पना तरी असते. त्यांचे तळे बोअरमधून भरते. रात्री पंप चालायचा, पहाटे तळे काठोकाठ असायचे आणि दुपारपर्यंत पाणी खाली उतरलेले असायचे. एका मळ्याचा पंपचालक तळ्याच्या काठावर खडूने रोज खूण करीत असे आणि मला ती मोठ्या अभिमानाने दाखवीत असे. त्याच्या बोअरची खोली मात्र तो दर वर्षी वेगळी सांगायचा.

ठिबकाबाबत आपण आपल्याकडेही एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. पाटपाण्यात जे पाणी ‘वाया’ जाते, त्यातला बराच भाग जमिनीत मुरून पुन्हा विहिरीला मिळतो. ठिबक बसवले की ते मुरणे थांबते. झाडाला लागणारे पाणी तेवढेच राहते, किंबहुना झाड जोमदार झाल्याने थोडे वाढतेच. त्यामुळे शेतकऱ्याच्या पंपाचे तास कमी झाले, तरी खोऱ्याच्या हिशेबात वाचलेले पाणी फारच थोडे असते. जे थोडे वाचते, त्यावर तो नवे क्षेत्र लावतो. माझा एक ग्राहक होता, चार हेक्टरांचा. त्याने अनुदानातून ठिबक घेतले, पहिल्या हंगामात पाणी उरल्याचे पाहून शेजारची तीन हेक्टर खंडाने घेतली, आणि ज्या जमिनीवर पाऊस झाला तरच बार्ली पेरली जात असे, तिथे संत्र्याची कलमे लावली. बार्लीला दुष्काळाच्या वर्षी सुट्टी देता येते, पण संत्र्याच्या झाडाला यंदा पाणी पिऊ नकोस असे सांगता येत नाही. त्याची काही चूक होती असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. अनुदानाच्या कागदावर नळीची लांबी होती, लॅटरलमधले अंतर होते, फिल्टरचा प्रकार होता, उपशाची मर्यादा कुठेच नव्हती. असे हजारो शेतकरी जमेला धरले, की भूजल खाली का गेले याचे उत्तर मिळते.

तारूदांतजवळच्या एल गेर्दान भागाची गोष्ट याच सूत्रातली आहे. तिथे संत्र्याच्या बागांखालची विहीर आटत चालली, म्हणून सरकार आणि खासगी कंपनी यांच्या भागीदारीतून सुमारे 90 किलोमीटर अंतरावरच्या धरणांचे पाणी नळाने दहा हजार हेक्टरांच्या बागायतीत आणले गेले. सिंचनातल्या अशा भागीदारीचा हा नमुना म्हणून जगभर दाखवला गेला. पुढे अवर्षणात ती धरणेच कोरडी पडत गेली. शहराचे पिण्याचे पाणी आधी आणि बाग नंतर, हा क्रम लागला आणि अनेकांना उभ्या बागा तोडाव्या लागल्या.

श्तूकाने वेगळी वाट धरली. तिथे 2022 मध्ये समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प सुरू झाला. क्षमता दिवसाला 2 लाख 75 हजार घनमीटर. त्यातले दीड लाख अगादीर परिसराला पिण्यासाठी आणि सव्वा लाख सुमारे 15 हजार हेक्टरांच्या सिंचनासाठी. शेतकऱ्याला हे पाणी घनमीटरला सुमारे पाच दिरहम पडते, म्हणजे हजार लिटरला चाळीस-पंचेचाळीस रुपये. जुन्या कालव्यांवर हाच दर एका दिरहमच्या आतबाहेर असतो. चेरी टोमॅटो युरोपात पाठवणाऱ्याला हा दर झेपतो. गहू, बार्ली किंवा चाऱ्याचे पीक या पाण्यावर घेण्याचा विचारही कोणी करणार नाही. मेंढरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे.

अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा प्रतिसाद पुरा होणार नाही. ऐत अमीरा नावाचे गाव हरितगृहांच्या मजुरीवर फुगले आहे. तिथे पहाटे अंधारात ‘मोकफ’ भरतो, म्हणजे आपला मजूर अड्डा. बायका चेहऱ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून उभ्या असतात. मुकादम बोटाने मोजतो आणि उघड्या टेम्पोत दाटीवाटीने उभे करून नेतो. या गाड्यांचे अपघात तिथे नेहमीचे आहेत. युरोपातल्या दुकानात डबीवर मळ्याचे नाव, प्रमाणपत्राचा शिक्का, सारे असते. आम्हीसुद्धा ठिबकाच्या प्रत्येक नळीला हमीपत्र देत होतो. टेम्पोतल्या बाईला कसलेच पत्र नव्हते.


गोंयकार :

चर्चेत खताचा विषय निघाला नाही, म्हणून थोडी भर घालतो. जगातल्या ज्ञात फॉस्फेट खडकाच्या साठ्यांपैकी सुमारे 70 टक्के साठा एकट्या मोरोक्कोच्या हिशेबात धरला जातो (त्यातला थोडा भाग वादग्रस्त पश्चिम सहारात आहे), आणि तो सारा ‘ओसीपी’ या सरकारी कंपनीच्या हाती आहे. आपल्याकडच्या डीएपी या स्फुरदयुक्त (फॉस्फरसच्या) खताच्या गोणीशी याचा थेट संबंध आहे. पारादीप फॉस्फेट्स या कंपनीत ओसीपी आणि झुआरी समूह 2002 पासून भागीदार आहेत, आणि आमच्या गोव्यातला झुआरीनगरचा जुना खत कारखाना 2022 मध्ये याच पारादीप फॉस्फेट्सकडे आला. तेव्हा सांगोल्यातल्या डाळिंबाला घातलेल्या स्फुरदाचा उगम कदाचित मोरोक्कोतल्या खुरिब्गाच्या खाणीत असेल.

खरी खोच पुढे आहे. ज्या देशाजवळ एवढे स्फुरद आहे, तिथला कोरडवाहू शेतकरी स्वतः खत हात राखूनच टाकतो. पाऊस येईल की नाही हे ठाऊक नसताना गव्हावर खताचा खर्च करणे हा जुगार असतो, आणि तो खेळायला त्याच्याजवळ भांडवल नसते. ओसीपीने माती परीक्षणाचा आणि शेतकरी मार्गदर्शनाचा कार्यक्रम अलीकडे चालवला आहे, पण पावसाचा धोका त्याने हटत नाही.


माणदेशी :

सर्वांचे मनापासून आभार. ठिबकवाला यांच्या चार हेक्टरवाल्या ग्राहकात मला माझाच चेहरा दिसला. माझ्याकडेही 2013 मध्ये ठिबक आले आणि दोन वर्षांत बाग दीडपट झाली.

आता उरलेली शंका कोरडवाहूची. दप्तरदार सर म्हणतात त्या दुसऱ्या स्तंभाखाली गहूवाल्याला आणि मेंढपाळाला नेमके काय मिळाले? आणि निर्यातीच्या बाबतीत तिथले सरकार शब्दाला पक्के आहे का, की आमच्या कांद्यासारखे अर्ध्या रात्री दार लावते?


तिफण :

मी उत्तर आफ्रिकेतल्या शुष्क शेतीवर काम करणाऱ्या एका प्रकल्पात होतो आणि मोरोक्कोतल्या सेत्तात परिसरातल्या गहूवाल्यांकडे माझे जाणेयेणे होते. शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सोपा आहे.

दार तिथेही लागते. फेब्रुवारी 2023 मध्ये, रमजानच्या तोंडावर टोमॅटोचे भाव घराघरांत बोचू लागले, तेव्हा सरकारने पश्चिम आफ्रिकेकडे जाणारा टोमॅटो, कांदा आणि बटाटा रोखला. युरोपच्या बड्या खरेदीदारांशी करार असलेल्यांपेक्षा दक्षिणेकडे ट्रक भरणाऱ्या लहान व्यापाऱ्यांना त्याची झळ अधिक लागली. ऑलिव्ह तेलाचे तसेच झाले. दहा लाख हेक्टर ऑलिव्ह असलेल्या देशात 2024 मध्ये तेल लिटरला शंभर दिरहमच्या वर गेले, निर्यातीवर निर्बंध आले आणि बाहेरून तेल आणावे लागले. न्याहारीला पाव त्या तेलात बुडवून खाणाऱ्या समाजात ही किती मोठी गोष्ट आहे, हे आपल्याला शेंगदाणा तेलाच्या भावावरून कळू शकेल.

आता गहू. धान्याचे उत्पादन तिथेही क्विंटलमध्येच मोजतात, त्यामुळे आकडे आपल्याला परके वाटत नाहीत. गहू आणि बार्ली मिळून 2015 मध्ये सुमारे साडेअकरा कोटी क्विंटल धान्य झाले. 2021 मध्ये ते 10 कोटी 30 लाख होते, पुढच्याच वर्षी 3 कोटी 40 लाखांवर आले आणि 2024 मध्ये त्याहूनही खाली गेले. योजना सुरू होऊन सोळा वर्षे झाल्यावरही एखाद्या वर्षी उत्पादन तिसऱ्या हिश्श्यावर येत असेल, तर तिथे आधुनिकीकरण पोहोचले असे मी म्हणणार नाही. ‘इथे राज्य करणे म्हणजे पाऊस पाडणे’ अशी एक फ्रेंच काळापासूनची म्हण तिथे आजही लोकांच्या तोंडी आहे. एकट्या 2023 मध्ये शेतीतले दोन लाखांवर रोजगार गेले, असे तिथल्याच सरकारी सांख्यिकी संस्थेने नोंदवले आहे.

दुसऱ्या स्तंभाचा मुख्य मार्ग म्हणजे उतारावरचा गहू मोडून तिथे ऑलिव्ह आणि बदाम लावणे. तत्त्वतः ते बरोबर होते. उताराची माती धरून राहते आणि झाड गव्हापेक्षा काटक असते. पण झाड लावणे आणि ते पाच वर्षे जगवणे यांत अंतर आहे. पहिल्या दोन उन्हाळ्यांत रोपाला घागरीने पाणी घालणारे हात घरात हवेत, आणि ते हात तोवर कॅसाब्लांकाला गेलेले असतात. मी पाहिलेल्या एका टेकडीवर रोपांसाठी केलेली निम्म्याहून अधिक आळी रिकामी होती. शेजारच्या टेकडीवर गावच्या सहकारी संस्थेने एक गडी वर्षभरासाठी ठेवला होता, तिथली बाग उत्तम आली होती.

जमिनीचा प्रश्न याच्या मुळाशी आहे. तिथे जवळजवळ सत्तर टक्के शेते पाच हेक्टरांच्या आतली आहेत, आणि सुमारे दीड कोटी हेक्टर जमीन जमातींच्या सामाईक मालकीची आहे. ती बहुतेक कुरणे. सातबाऱ्यासारखा कागद नसल्याने तिच्यावर कर्ज मिळत नाही आणि कर्ज नाही तर अनुदानाचा स्वतःचा हिस्साही भरता येत नाही. या जमिनींत बायकांना वाटा मिळावा यासाठी ‘सुलालियात’ म्हणवणाऱ्या स्त्रियांनी 2007 पासून लढा दिला, तेव्हा कुठे 2019 च्या कायद्यात त्यांचा हक्क मान्य झाला. जुन्या पद्धतीच्या वाटेकऱ्याला तिथे ‘खम्मास’ म्हणत, म्हणजे पाचव्या हिश्श्याचा धनी. जमीन, बी, बैल, पाणी दुसऱ्याचे आणि याचे फक्त हात. सेत्तातजवळ एका म्हाताऱ्याने मला हिशेब समजावताना जमिनीवर पाच खडे मांडले आणि त्यातला एक उचलून खिशात टाकला.

मेंढरांचे कारण आता सांगता येईल. कळप उभे राहतात ते कुरणावर, गव्हाच्या काडावर आणि बार्लीवर. पाऊस गेला की तिन्ही एकदम जातात. चारा विकत घ्यावा लागतो, मग मेंढपाळ आधी नर विकतो, नंतर भाकड आणि शेवटी गाभण मेंढी विकतो. गाभण मेंढ्या विकल्या गेल्यावर पुढच्या वर्षी पाऊस झाला तरी कळप लगेच भरत नाही. राजाच्या आवाहनामागे हाच हिशेब होता. त्याच्या वडिलांनी, म्हणजे दुसरे हसन यांनी, 1996 मध्ये असेच केले होते.

चांगलेही काही सांगतो. 2020 मध्ये आलेल्या ‘हरित पिढी’ या पुढच्या योजनेत 2030 पर्यंत दहा लाख हेक्टरांवर बिननांगरणीची पेरणी करण्याचे उद्दिष्ट आहे. नांगरट न करता, आधीच्या पिकाच्या काडातच पेरणी यंत्राने चीर पाडून बी आणि खत एकदम सोडायचे, म्हणजे ओल टिकते. मला या एका गोष्टीकडून फळमळ्यांपेक्षा जास्त आशा आहे. अडचण एकच, काड रानात ठेवले तर मेंढरे काय खाणार? नवरा पेरणीसाठी काड राखतो आणि बायको संध्याकाळी त्यातच मेंढ्या सोडते, असे मी स्वतः पाहिले आहे, आणि दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त होते.


दप्तरदार :

तिफण यांच्या एका वाक्याला हरकत घेतो. कोरडवाहू गव्हाचे आकडे खालीवर होतात यावरून योजनेचा निवाडा करणे मला कठोर वाटते. पाऊसच नसेल तर कोणतीही योजना गहू देणार नाही. मात्र धरणांबाबत त्यांना हवे ते अधिक बळकट उदाहरण मीच देतो. उम्म एर्-रबिया नदीवरचे अल मसिरा हे देशातल्या सर्वांत मोठ्या धरणांपैकी एक, साठवण क्षमता अडीच अब्ज घनमीटरांहून अधिक. 2024 च्या आरंभी त्यात जेमतेम एक-दोन टक्के पाणी होते. त्यावर अवलंबून असलेल्या दुक्कालाच्या कालव्यांना कित्येक हंगाम आवर्तनच मिळाले नाही आणि बिटाची लागवड कोसळली. म्हणजे कोरडवाहूच नव्हे, कालव्यावरची जुनी बागायतसुद्धा आभाळाखालीच आहे. 2023 मध्ये सबू नदीचे पाणी रबातच्या बाजूला वळवणारा 67 किलोमीटरांचा जोडकालवा झाला आणि 2024 मध्ये कॅसाब्लांकासाठी समुद्राच्या पाण्याच्या प्रचंड प्रकल्पाचे काम सुरू झाले. दोन्हींचा पहिला हेतू शहरांची तहान हाच आहे.


ठिबकवाला :

तिथल्या सरकारलाही हे उशिरा का होईना उमगले. दक्षिणेकडच्या कोरड्या झागोरा भागात कलिंगडाच्या मळ्यांनी भूजल ओढले आणि 2017 मध्ये गावेच्या गावे हंडे घेऊन रस्त्यावर आली. पुढे झागोरात कलिंगडाच्या क्षेत्रावर मर्यादा आली आणि ताता प्रांतात बंदी. 2022 मध्ये कलिंगड, अव्होकाडो आणि संत्र्याच्या नव्या बागा यांचे सिंचन अनुदान थांबवले गेले. अनुदानाच्या बाजूने उपशाला हात घालणारे ते पाऊल होते, योजना येऊन चौदा वर्षे झाल्यावर टाकलेले.

माणदेशी, तुमचे सल्लागार पुन्हा येतील तेव्हा त्यांना मळ्यांचे फोटो मागू नका. श्तूकामधल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी 2008 मध्ये किती होती आणि 2022 मध्ये किती, एवढा एकच तक्ता मागा.


माणदेशी :

तक्ता मागितला आहे. दरम्यान गावातल्या भूजल सर्वेक्षणाच्या निरीक्षण विहिरीची नोंदवही पाहायला गेलो होतो. ती विहीर आमच्या शिवाराच्या कडेलाच आहे; बाग दीडपट केली त्या वर्षापासूनची पाने काढून ठेवायला सांगितली आहेत. सोमवारी परत बोलावले आहे.